उंबऱ्याला एक

— बुंदी का शिरा, ते आधी ठरवा.

— झरीचा आचारी फोनच उचलंना.

— पाळण्याच्या गादीत कापूस नवा भरायचा का जुनाच ठिवायचा?

— अर्पिता, बाळाच्या डोळ्याला हात लावू नको.

— रंगनाथनं नातवाच्या बारशाला सगळ्या गावाला जिलेबी वाढली.

— आपण रंगनाथ न्हाई.

— उंबऱ्याला एक. बास.

पार्वतीबाई : बास कसं? सून इचारायली, तिला धड सांगा.

किशनराव : काय सांगायचं त्यात? पोरीच्या बारशाला घरटी एक माणूस जेवायला बोलवत्यात. अर्पिताच्या टायमाला बी तसंच केलं. मी काय नवं बोलायलोय?

राजेश्री : आणि पोराच्या बारशाला चूलबंद आवतण. म्हातारीपासून तान्ह्यापर्यंत सगळं घर जेवायला, त्या दिवशी गावात कुणाचीच चूल पेटवायची नाही. मी जिंतूरची असले तरी इथली रीत मला आता कळलीय, मामा.

किशनराव : मग झालं की.

राजेश्री : झालं नाही. ह्या पोरीला चूलबंद द्यायचं.

किशनराव : खर्च कळतो का? गहू घरचा, डाळ घरची, मान्य. तेल, साखर, मांडव, आचारी कुठून आनायचा? बाजूला ठिवलंय थोडं, पण ते नातवाचं हाय. त्याला हात लावायचा न्हाई.

पार्वतीबाई : नातू कुठंय?

किशनराव : व्हईल की. पुढच्या खेपेला.

पार्वतीबाई : अर्पिताच्या बारशाला बी हेच म्हनला होता. ओसरीवर बसून, सगळ्या बायांदेखत. पुढच्या खेपेला गाव जेवू घालतो म्हनं. मग ही पुढचीच खेप हाय.

किशनराव : आता पोरगी झाली, त्याला मी काय करू?

राजेश्री : काही करू नका. जेवू घाला.

किशनराव : बग पोरी, माझं नीट ऐक. हिला चूलबंद दिलं अन् मागून पोरगा झाला, तर त्याला काय द्यायचं? शेजारची चार गावं जेवू घालायची का? रंगनाथ पारावर बसून सांगंल, किशनरावाला पोरगं अन् पोरगी ह्यातला फरक कळंना झालाय. लय फजिती करंल तो.

पार्वतीबाई : करू द्या. त्याला दुसरं काम काय हाय?

राजेश्री : त्यांच्याच घरून जेवून आलो ना, त्या दिवशी अर्पितानं मला विचारलं, माझ्या बारशाला कोण कोण आलं होतं. मी म्हटलं, शेजारच्या कुसुमबाई आल्या होत्या. तर म्हणाली, आणि त्यांच्या घरचे आजोबा? नाही. काकू? नाही. मग पुढचं घर, मग त्याच्या पुढचं. मी आपली नाही, नाही म्हणत राहिले. शेवटी तीच म्हणाली, सगळ्यांना काम होतं का गं? मी हो म्हटलं. काय सांगणार? ह्या पोरीला मला तसं सांगायचं नाही.

पार्वतीबाई : चहा ठिवू का?

किशनराव : चहा नको. लेकराच्या मनासाठी म्हनून घरटी दोन करा. नवरा-बायको.

पार्वतीबाई : अन् त्यांची लेकरं दाराशी उभी करायची?

किशनराव : बरं, तीन.

पार्वतीबाई : बाजारात मेथीची जुडी घ्यायलात का?

राजेश्री : चूलबंद. नाहीतर बारसंच नको. वन्सं येतील, माझ्या खोलीत बाळाच्या कानात नाव सांगतील, आणि आम्ही दार लावून घेऊ. अर्पिताला आत घेऊ. बाकी कुणालाच नाही.

किशनराव : मला बी न्हाई?

राजेश्री : तुम्ही ठरवा, मामा.

किशनराव : अशी जिद्द करू नये. खुशीचं काम हाय. ह्या खेपेला ऐक माझं, पुढच्या खेपेला...

राजेश्री : पुढची खेप नाही.

किशनराव : असं कसं न्हाई?

राजेश्री : आत्या, तुम्हीच सांगा आता.

पार्वतीबाई : आपल्या भागवतनं ऑपरेशन करून घेतलंय. परभनीला जाऊन. लेकरं न व्हायचं.

किशनराव : भागवतनं?

पार्वतीबाई : हो.

किशनराव : ते बायांनी करायचं अस्तंय.

राजेश्री : अर्पिताच्या वेळी माझं पोट चिरलेलं त्यांनी पाहिलंय. पट्टी बदलायला तेच होते. मला म्हणाले, हे तरी माझ्याकडं राहू दे.

किशनराव : घरात समद्यांना ठावं होतं. मला एकट्याला सांगितलं न्हाई.

पार्वतीबाई : सांगितलं असतं तर करू दिलं असतं?

किशनराव : न्हाई.

पार्वतीबाई : मग.

(आत बाळ रडतं. राजेश्री उठून जाते.)

किशनराव : कुठंय तो?

पार्वतीबाई : मळ्यात. हळदीला पाणी द्यायलाय. मला म्हनला, आई, तूच सांग, मला बापापुढं बोलाया व्हत न्हाई.

किशनराव : पाणी कालच दिलंय हळदीला.

पार्वतीबाई : आज बी द्यायलाय.

किशनराव : म्हंजी आपल्या घरातलं हे शेवटचं बारसं.

पार्वतीबाई : शेवटचं.

किशनराव : अन् शेवटचं बारसं उंबऱ्याला एक करायचं? लोक काय म्हनतील? किशनरावाच्या घराचा पाळणा गेला अन् गावाला घास बी न्हाई घातला?

पार्वतीबाई : तुमीच सांगा, कसं करायचं.

किशनराव : आश्रुबा गड्याला गावात फिरव. चूलबंद सांग म्हनावं, एक घर सुटलं न्हाई पायजे. बाजूला ठिवलेलं समदं काढ. त्यात जेवढं बसंल तेवढं करायचं, त्याच्यावर उधारी न्हाई. अन् शिरा नको. बुंदी.

पार्वतीबाई : रंगनाथच्या घरी कुणाला धाडू?

किशनराव : तिथं मी सोता जातो. पारावरच सांगतो, चार मानसांत.

पार्वतीबाई : जावा.

किशनराव : पर भागवतनं मला बोलायला पायजे होतं गं. दुसरी बी पोरगीच झाली म्हनून खचला असंल. मी म्हनलो असतो, दम धर.

पार्वतीबाई : त्यानं ऑपरेशन केलं तवा राजेश्रीला सातवा महिना होता.