भूमितीच्या पेपरची आदली संध्याकाळ

सिद्धेश : पणजोबा धाकू, चौथी. आजोबा गणपत, सातवी. बाबा हर्षद, दहावी नापास. आणि मी सिद्धेश, दहावी नापास, ते पण दोनदा. आमच्या रक्तातच नाही आजी, सोडा ना.

रत्नप्रभा : आधी फोन सरळ धर. मला तुझा पंखा दिसतो आहे. हं. चार, सात, दहा. ही कोणती श्रेढी?

सिद्धेश : अहो, मी काय सांगतोय आणि तुम्ही...

रत्नप्रभा : कोणती श्रेढी? परवा बीजगणिताच्या पेपरात मी हेच सोडवून आले. शिकवणारा तूच होतास.

सिद्धेश : अंकगणिती. फरक तीन.

रत्नप्रभा : पुढचे पद?

सिद्धेश : तेरा.

रत्नप्रभा : तेरावी. म्हणजे कॉलेजचे पहिले वर्ष. तुमच्या घराण्याची चढती कमान तूच मांडून दाखवलीस आणि वर रक्ताला दोष देतोस?

सिद्धेश : तुम्ही ना... मुलुंडला तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीलाही असंच गप्प करता का?

रत्नप्रभा : त्याला गप्प करावे लागत नाही. मला पाहिले की तो जिन्याने जातो. आता खरे काय ते बोल. तू काहीतरी सांगायला फोन केलास आणि पणजोबांच्या मागे लपलास.

सिद्धेश : उद्या मी पेपरला येत नाहीये.

रत्नप्रभा : पुन्हा सांग.

सिद्धेश : साकीनाक्याला एका गोदामात काम मिळतंय, पार्सल चढवायचं. उद्या सकाळीच बोलावलंय. भूमितीत तसाही उडणारच आहे, मग दोन तास बसून बेंच कशाला गरम करू?

रत्नप्रभा : वडिलांना विचारलेस?

सिद्धेश : बाबा रिक्षावर आहेत. आल्यावर सांगेन.

रत्नप्रभा : म्हणजे विचारले नाहीस. आणि आपला करार? तू मला बीजगणित शिकवायचे, मी तुला भूमिती.

सिद्धेश : करार कसला! बाहेरून बसणाऱ्यांच्या ग्रुपवर तुमचा मेसेज आला, ‘ज्यास बीजगणित येते त्याने माझ्याशी तत्काळ संपर्क साधावा.’ मला वाटलं बोर्डाची नोटीस आली. सगळे गपगार. मीच येडा, हात वर केला.

रत्नप्रभा : हात वर करणारा एकच निघाला, म्हणून तर तू माझ्या लक्षात राहिलास.

सिद्धेश : आजी, तुम्ही एकाहत्तरच्या. पास झालात तर पेपरात फोटो येईल, नापास झालात तरी लोक हार घालतील. मी तिसऱ्यांदा गेलो तर घाटकोपरला आमच्या गल्लीत पोरं विचारतील, काय रे, दहावीत घर बांधलंस का?

रत्नप्रभा : भूमितीत तुला नेमके काय येत नाही?

सिद्धेश : सगळंच.

रत्नप्रभा : सगळेच येत नाही, असे कुणाचेच नसते. पायथागोरस काढ. जिथे अडतोस तिथे बोट ठेव.

सिद्धेश : नको. तुम्ही चिडाल.

रत्नप्रभा : मी चिडतेच. त्याने तुझे काही अडायला नको.

सिद्धेश : बरं. ही बघा, तुम्ही कॅमेऱ्यासमोर धरलेली आकृती, मी जशीच्या तशी उतरवली. वर ए, खाली डावीकडे सी, उजवीकडे बी. काटकोन डावीकडे.

रत्नप्रभा : पुढे?

सिद्धेश : सिद्धता सांगताना तुम्ही म्हणता, बीमधून एसीवर लंब टाक. कसा टाकू? आकृतीत काटकोन सीला आहे. बीमधून एसीवर लंब टाकला तर तो जाऊन सीवरच पडतो. बीसी हाच लंब. नवा त्रिकोण तयारच होत नाही, मग समरूप कुठले दाखवू? रोज इथेच येऊन थांबतो. मला वाटलं, माझंच डोकं चालत नाही.

रत्नप्रभा : थांब. पुस्तक घेते. ... बी डावीकडे आहे.

सिद्धेश : मग तुम्ही उजवीकडे का लिहिलात?

रत्नप्रभा : कारण कागद धरला की मला माझ्या पडद्यावर डावीकडचे उजवीकडे दिसते. मी म्हटले, मुलाला उलटे दिसायला नको. म्हणून प्रत्येक आकृतीत मी खालच्या अक्षरांची अदलाबदल करत आले.

सिद्धेश : अहो आजी! उलटं फक्त तुम्हाला दिसतं! आम्हाला सरळच दिसतं!

रत्नप्रभा : असे कुणी मला सांगितले नाही.

सिद्धेश : प्रत्येक आकृतीत? वाट लागली! म्हणजे ते स्पर्शिकेचं पण?

रत्नप्रभा : हसू नकोस. ... हस. हसण्यासारखेच आहे. पण पहिल्याच दिवशी तुला हे खटकले होते, मग बोलला का नाहीस?

सिद्धेश : तुमच्यासमोर? ‘आजी, तुमचं चुकलंय’?

रत्नप्रभा : माझे दोन मुलगे, दोन सुना. चुकले म्हणून सांगायची या घरातही रीत नाही. ती मीच पडू दिली नाही. पण ऐक. लंब कुठे पडेल हे ज्याला मनात दिसते, त्याला भूमिती येते. मला नुसती पाठ होती. म्हणून मला चूक दिसली नाही, तुला दिसली.

सिद्धेश : खरंच?

रत्नप्रभा : मी धीर देण्यासाठी खोटे बोलत नाही. कशासाठीच बोलत नाही.

सिद्धेश : पण आजी, मी पास झालो काय, नापास झालो काय, तुम्हाला का एवढं?

रत्नप्रभा : बोरिवलीच्या गावठाणात आमच्या शेजारी रोझमेरी राहायची. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. मॅट्रिकला माझी भूमिती तिने करून घेतली, ओट्यावर खडूने. आणि भूमितीच्याच पेपरच्या दिवशी मला बघायला मुलाकडचे आले. वडील म्हणाले, पेपर पुढच्या वर्षी दे. रोझमेरी माझी कंपासपेटी घेऊन केंद्राच्या फाटकाशी उभी राहिली. घंटा झाली तरी उभी होती.

सिद्धेश : मग? रागावली?

रत्नप्रभा : नाही. पेटी घरी आणून दिली आणि म्हणाली, ‘माझी मेहनत तुझ्याकडं राहिली गं, प्रभा.’ एवढेच. आता परत करायची म्हटले तर ती हयात नाही; ती मेहनत तुझ्या हाती द्यायची आहे. म्हणून कोरा कागद घे आणि बी जिथे असायला हवा तिथे लिही. मी एक अक्षर सांगणार नाही.

सिद्धेश : लिहिला. बीला काटकोन. पक्ष... साध्य... आता रचना. बीमधून एसीवर लंब, तो पडला डीवर. आता मस्त मध्येच पडतोय! छोटा त्रिकोण एडीबी आणि मोठा एबीसी समरूप. म्हणून एबी वर्ग बरोबर एसी गुणिले एडी.

रत्नप्रभा : हं.

सिद्धेश : तसाच दुसरा. बीसी वर्ग बरोबर एसी गुणिले डीसी. दोन्हींची बेरीज. एसी सामाईक बाहेर काढला, कंसात एडी अधिक डीसी... म्हणजे परत एसीच की! एसी वर्ग! आजी, झालं! आजी? हलत नाहीये स्क्रीन. नेट गेलं का?

रत्नप्रभा : नेट आहे. मी आहे. एकही पायरी चुकली नाही.

सिद्धेश : गोदामवाल्याला सांगतो, परवापासून येतो. नाही म्हणाला तर दुसरं बघू.

रत्नप्रभा : आत्ताच सांग. आणि वडिलांना म्हणावे, उद्या पहिली फेरी केंद्रापर्यंत, तुला घेऊन.

सिद्धेश : सांगतो. आजी, तुमच्या त्या रोझमेरीचं फिटलं का मग?

रत्नप्रभा : पूर्ण फिटले. उद्याचा पेपर आता फक्त माझ्यासाठी.