नळीत रेघ नव्हती

नाही नाही, बाई, ते आधी खोडा. तुमच्या स्मरणिकेतले फोटो छान आहेत. पहिल्या पानावर क्लब काढणाऱ्या त्या चौघी — डॉक्टरीणबाई, शाळेतल्या बाई, ती शिवणकामवाली आणि विमा कचेरीतली टायपिस्ट — सगळं बरोबर. बत्तीस वर्षांत बायकांच्या या फ्लाइंग क्लबात काय काय झालं, तेही झकास लिहिलंय. मला वाचायला वेळ लागतो, आठवीत शाळा सुटली माझी, पण बोट ठेवून ठेवून वाचलंय. शेवटच्या पानावर माझ्या ताईबद्दल 'निष्काळजीपणा' असा शब्द आहे. तो खोडा.

अपघाताच्या अहवालात आहे? असेल ना! अहवालवाले कागद बघून लिहितात. इंधन तपासल्याची वहीत सही ताईची, टाकीत निघालं पाणी — म्हणजे बाईने न बघताच सही ठोकली. झाले मोकळे! ताई आणि निष्काळजी? अहो, घरातून निघताना गॅस तीनतीनदा बघायची ती. मी चिडवायचो, अगं, तो काय उडून जाणारेय का?

तुम्ही तो नियम लिहिलाय बघा — आपली नळी आपणच बघायची. विमानाच्या टाकीखालून काचेच्या नळीत थोडं इंधन काढायचं, उजेडात धरायचं. पाणी जड, ते तळाशी बसतं, मध्ये रेघ दिसते. सुरुवातीला मेकॅनिक हसायचे ना या बायकांना, 'झालंय सगळं, बसा तुम्ही' म्हणायचे — म्हणून डॉक्टरीणबाईंनी नियमच केला, दुसऱ्याच्या शब्दावर उडायचं नाही. कुणी मोडला नाही तो. ताईनेही नाही. म्हणजे — एकदा सोडून.

मला कसं माहीत? मी तिथेच होतो. इंधन भरायच्या कामाला तिनेच लावलं होतं मला, महिनाही झाला नव्हता. चार दिवस पाऊस, टाकीच्या झाकणाचं रबर गेलेलं. मी नळी भरली, बघितली, म्हटलं, साफ आहे. ती म्हणाली, 'दे इकडे.' आणि माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर! म्हटलं, 'सख्ख्या भावावर विश्वास नाही ना? आठवी नापासाच्या हातची नळी कशी चालेल!' आणि ओतून टाकली गवतावर, तिच्यादेखत. तिला दुसरी काढता आली असती. नाही काढली. हसली, 'बरं बाबा, रागोबा,' म्हणाली आणि सही केली. माझं मन राखायला. कुंपणाच्या वर पोचली न पोचली, इंजिन बंद.

रेघ नव्हती हो, आईशप्पथ, नीट बघितलं होतं मी! कशी असेल रेघ? विमानाचं इंधन निळं असतं. नळीत निळं काही नव्हतंच, तळापासून वरपर्यंत नुसतं पाणी. मी रेघ शोधत बसलो, रंग बघितलाच नाही. तपासणीवाले साहेब मला म्हणाले, 'तिने एकदा बघितलं असतं तर कळलं असतं.' मी मान हलवली. हो म्हणून मान हलवली मी! आणि ताई गेली म्हणून सगळ्यांनी मलाच जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवले —

हे तुम्हालाही सांगायचं नव्हतं. नुसता शब्द खोडा म्हणणार होतो. आता माझं नाव लिहा तिथे. घाबरता काय, लिहा —

आई, तू कशाला उठलीस? काही नाही, क्लबाच्या बाई आहेत. बस. तिथे नको, इथे, माझ्याजवळ बस. तुला ताईचं एक — बाई, तुम्ही निघा आता. दार ओढून घ्या.