ओढ्यातलं भांडं आणि आमची आंघोळ

...आणि वर मलाच विचारतात, तुमच्या अंगाला हा कुबट वास कसला येतो म्हणून! अहो, येणार नाही तर काय? ज्या माणसाला स्वतःच्या घरात आंघोळीची बंदी आहे, त्याच्या अंगाला काय अत्तराचा वास येणार? तुम्हाला सांगतो, ओढ्यात वाकून माणसानं काही उचलू नये. ज्यानं कुणी ते टाकलं, त्यानं काही विचार करूनच टाकलं असेल ना?

पण मी वाकलो. घरामागच्या ओढ्यात बांधाचा दगड निसटला होता, तो बसवायला गेलो आणि दगडाखाली हे ध्यान! हिरवट-काळपट, दोन हात लांब, पोट भोपळ्यासारखं, मान बगळ्याची, एकच कान, आणि बुडाला भोकं. म्हणजे पाणी भरावं तर राहणार नाही, काही गाळावं तर त्या मानेतून आत जाणार नाही. उचलून आणलं, चिखल सुटावा म्हणून बाथटबमध्ये ठेवलं, नळ सोडला आणि संग्रहालयात फोन केला. झालं! तिथंच आमचं नशीब फुटलं.

फोनवर संग्रहालयाच्या जतनवाल्या बाई होत्या. काय सापडलं म्हणाल्या. आता मी पडलो शब्दकोशाच्या कचेरीतला. व्याख्या लिहिण्यात हयात गेली. ज्यात काही राहत नाही त्याला भांडं म्हणायला माझी जीभ रेटेना. मी म्हणालो, "प्रयोजन अनिश्चित असलेली, पात्रसदृश, पुरातन धातुवस्तू." पलीकडे बाईंचा आवाज एकदम हळू, रुग्णाच्या उशाशी बोलतात तसा. कुठं आहे? बाथटबमध्ये. पाण्यात? पाण्यात. "फार उत्तम केलंत. वाळू देऊ नका, गंज चढेल. आणि हे पाहा, ओळख पटेपर्यंत हलवायचं नाही."

आमची ही दारातच उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "जुनी घागर म्हणाला असतात, तर त्या म्हणाल्या असत्या, कुंडी करा. एवढं मोठं वाक्य बोललात आणि माझं न्हाणीघर घालवलंत." घागरीची मान एवढी लांब नसते, हे अगदी ओठांवर आलं होतं, गिळलं.

बरं, आम्हा दोघांचं एक वेळ चालेल हो, पण सासरे? ते आमच्याकडेच असतात. त्यांचे गुडघे सकाळी टबातल्या ऊन पाण्यात भिजल्याशिवाय वाकतच नाहीत. आता ते न वाकणाऱ्या पायांनी टबाशेजारी स्टुलावर बसतात, पाय बादलीत, आणि नजर त्या वस्तूवर... सवतीकडे पाहावं तशी! मी पाणी बदलायला गेलो की म्हणतात, "जावईबापू, हुंडा मागणारे जावई पाहिले. सासऱ्याच्या आंघोळीवर टाच आणणारे तुम्ही पहिलेच." मी म्हणतो, थोडे दिवस हो, ओळख पटेपर्यंत हलवायचं नाही.

आणि तज्ज्ञ येतात हो, येत नाहीत असं नाही! एक आले ते केवळ धातूचे. मिश्रधातू उत्तम आहे म्हणाले. मी विचारलं, पण आहे काय? म्हणाले, तो आकाराचा प्रश्न, माझा नव्हे. मग आकाराचे आले. ओल्या फरशीवर उकिडवे बसून मानेचा बाक न्याहाळला, माझाच टॉवेल घेऊन हात पुसले आणि म्हणाले, दिवा म्हणता येईल, पण भोकं आड येतात. झारी म्हणता येईल, पण मान आड येते. आणि दोन्ही म्हणता येणार नाही, असंही म्हणता येणार नाही. मी त्यांना चहा दिला. दुसरं काय देणार?

आंघोळीला आम्ही शेजारच्या शिंप्याकडे जातो. खांद्यावर टॉवेल, हातात साबणदाणी, भर रस्त्यातून! तो शिलाईयंत्रावरून मान वर न करता विचारतो, "काय काका, आज काय निघालं, कमंडलू की शिरस्त्राण?" मी हसतो. पाणी त्याचं आहे, हसावंच लागतं. पण सासऱ्यांना तिथवर चालणंही जमत नाही. परवा पाहिलं, भिंत धरून धरून दारापर्यंत आले, रस्त्याकडे पाहिलं आणि तसेच मागं फिरले. टोमणासुद्धा मारला नाही. तसाच बाईंना फोन लावला. म्हटलं, घागर आहे! साधी, फुटकी, टाकाऊ घागर आहे, व्याख्या गेली चुलीत, न्या ती! बाई समजुतीनं म्हणाल्या, असं भावनेच्या भरात नका ठरवू, सगळ्यांना घेऊन येते.

काल सगळ्या तज्ज्ञांना घेऊन बाई आल्या. न्हाणीघरात माणूस मावेना. पुष्कळ वेळ कुजबुजले आणि बाई बाहेर आल्या त्या डोळे भरून. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आमचं एकमत झालं. याच्यासारखं दुसरं कुठंच नाही, त्यामुळे याची ओळख कधीच पटणार नाही."

मी म्हणालो, मग न्या.

"छे, आता तर मुळीच नाही! एवढी मोठी टाकी आमच्याकडे नाही, आणि तुमचं पाणी त्याला मानवलंय."

स्टुलावरच्या सासऱ्यांनी बादलीतून पाय काढले, पुसले आणि हिचा हात धरून खोलीत गेले.

आता अभ्यासक येतात. आज सकाळी एक विदुषी आल्या. चष्मा सावरून वाकल्या, त्या वस्तूकडे एकदा ओझरतं पाहिलं, मग टबाच्या काठावरून बोट फिरवत मला विचारलं, हे भोवतालचं मोठं पात्र कुठल्या काळातलं?

काय सांगणार? म्हटलं, फार जुनं नाही. पूर्वी इथले लोक त्यात आंघोळ करत असत.