बाबांच्या नावची गोळी

सासरे : ...संत्री, नवा टॉवेल, पायमोजे. आणि भेटायची वेळ सुरू व्हायच्या आधीच हजर. जन्मभर कापड विकलं मी, सूनबाई. गिऱ्हाईक आल्या आल्या गोड बोलायला लागलं की समजायचं, याला उधार हवंय. तुला काय हवंय?

सून : मला काय हवं असणार? तुम्ही बरे होऊन घरी या, एवढंच.

सासरे : त्यात तुझा फायदा काय? मी घरी आलो की पथ्याचं जेवण, धरून धरून बाथरूमपर्यंत नेणं, रात्री हाकेला ओ. इथेच राहिलो तर तुला आराम. नाही, हिशेब जुळत नाही. आणि ते संत्रं सोलतेयस की पिळतेयस? रस बघ, कोपरापर्यंत गेला.

सून : थंडी वाजतेय.

सासरे : घाम आलाय तुला.

सून : हळू बोला ना. पडद्यापलीकडे पेशंट आहे.

सासरे : तो ठार बहिरा आहे. सकाळी त्याचा मुलगा तासभर भांडून गेला, हा आपला हसतोय. सुखी माणूस.

सून : बाबा, दुपारची गोळी कधी देतात तुम्हाला?

सासरे : हां. आला माल बाहेर.

सून : नुसतं विचारलं.

सासरे : नुसतं कोणी विचारत नाही. नुसतं विचारणारे दुकानात शिरतच नाहीत.

सून : तुमच्या खणातल्या झोपेच्या गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या ह्यांनी उचलून इथे आणून दिल्या. ‘बाबा किती वर्षं घेतायत’ म्हणून. माझ्या पर्समध्ये थोड्या होत्या, त्या संपल्या. मी आपल्या घरच्या डॉक्टरांकडे गेले, तर ते म्हणाले, आता हॉस्पिटल बघतंय, मी लिहून देणार नाही.

सासरे : म्हणजे दुकानाला कुलूप.

सून : परवापासून एक नाही. ट्यूबलाइटचा आवाज येतो मला, बाबा. कोणी चमचा ठेवला तरी दचकते. काल ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर एक बाई वीजबिल घेऊन ओरडत आली, आणि मीच तिच्यासमोर रडायला लागले. तिनेच मला पाणी आणून दिलं.

सासरे : चला, तुमच्या ऑफिसात एका तरी गिऱ्हाइकाने काम केलं.

सून : हसू नका हो. ...जिभेखाली धरून ठेवाल? आजच्या दिवस. सिस्टर गेल्या की मी... रुमाल आणलाय मी.

सासरे : अस्सं. टॉवेल माझ्यासाठी, रुमाल तुझ्यासाठी.

सून : लाज वाटतेय मला.

सासरे : वाटतेय. पण रुमाल आणलास.

सून : एकच, बाबा.

सासरे : नाही जमणार. ती सिस्टर तोंड उघडायला लावते, जीभ वर करायला लावते. मी काय लपवणार, कप्पाळ?

सून : म्हणजे तुम्ही खरंच गिळता?

सासरे : मग काय खिशात टाकू? ह्या झग्याला खिसा असता तर विचार केला असता.

सून : पहिल्या दिवशी म्हणालात ना, ‘मी बघतो काय करायचं ते.’ मला वाटलं, टाकून देत असाल.

सासरे : वाटलं, की सोयीचं म्हणून तसं धरून चाललीस?

सून : तुम्ही डॉक्टरांना ‘घेतो’ कशाला म्हणालात पण?

सासरे : सगळे पलंगाभोवती उभे. माझा मुलगा, माझी मुलगी, मोठे डॉक्टर. खुब्याचं हाड मोडलेलं, वेदनेने जीव जातोय, आणि ते विचारतायत, ‘ह्या गोळ्या तुम्हीच घेता ना?’ मी तुझ्याकडे बघितलं. तू खिडकीबाहेर बघत होतीस. काय होतं गं बाहेर?

सून : पार्किंग.

सासरे : पार्किंग. मग म्हटलं, घेतो. तर ते म्हणाले, ‘इतक्या वर्षांची सवय एकदम तोडली तर झटके येतात. चालू ठेवू, हळूहळू उतरवू.’ शास्त्र बरोबर होतं त्यांचं. माणूस तेवढा चुकला.

सून : फार गुंगी येते?

सासरे : दिवसभर गाठोड्यात बांधल्यासारखं वाटतं. पायावर उभं करायला येतात, तर पाय कोणाचे तेच कळत नाही. परवा त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शंभरातून सात वजा करत जा. मला! कागद न घेता अख्ख्या लग्नाच्या खरेदीचा हिशेब सांगायचो मी. त्र्याण्णव म्हणालो, आणि पुढे... पुढे ते... काय सांगत होतो?

सून : सात वजा.

सासरे : हां. पुढची पायरीच सापडेना. 

सून : वयाने होतं असं, त्या म्हणाल्या.

सासरे : त्या नंतर म्हणाल्या. आधी तू म्हणालीस. ‘हल्ली घरीसुद्धा विसरतात.’ डोळे मिटले होते माझे, कान नाही. कधी विसरलो गं मी घरी?

सून : ...नाही विसरलात.

सासरे : गॅस चालू ठेवला? दार उघडं टाकलं?

सून : नाही, बाबा. त्या मला विचारत होत्या, गोळ्यांमुळे काही फरक जाणवतो का. मी घाबरले. काहीतरी बोलून गेले.

सासरे : त्या काहीतरीवर तुझा नवरा आज रजा काढून वृद्धनिवासात खोली बघायला गेलाय.

सून : माहीत आहे मला.

सासरे : माहीत आहे. आणि तू गोळीची वेळ विचारतेस.

सून : द्या ना शिव्या. तोंड भरून द्या.

सासरे : शिव्या द्यायला माणूस आधी धुतल्या तांदळासारखा लागतो. तुझी सासू गेली, तेव्हा ह्या गोळ्या खरंच माझ्यासाठी आल्या. दोन घेतल्या, डोक्यात कापूस भरल्यासारखं झालं, दिल्या खणात टाकून. नंतर बघतो तर पट्टी आपोआप रिकामी होतेय.

सून : तेव्हापासून माहीत होतं तुम्हाला?

सासरे : आणि घर थंड होत गेलं. आधी तू भांडी आपटायचीस, दार लावून रडायचीस, नवऱ्याचे वाभाडे काढायचीस. मग एकदम सगळं गुळगुळीत. वेळेवर चहा, उलट शब्द नाही. डॉक्टरांनी मला विचारलं की मी म्हणायचो, ‘झोप नाही हो, लिहा अजून.’ तुझी दया येऊन नाही. शांत सून मला परवडत होती.

सून : आणि मी इतकी वर्षं समजत होते, की मी तुम्हाला फसवतेय.

सासरे : फसवतच होतीस. मी फसायला तयार होतो.

सून : एकदा बंद करायला घेतली होती मी. अर्धी करून बघितली. तुम्हीच म्हणालात जेवताना, ‘आजकाल फार फणफण करतेस.’ त्या रात्री परत अख्खी घेतली.

सासरे : आठवतंय. भाजीत मीठ जास्त होतं म्हणून बोललो होतो.

सिस्टर : चला आजोबा, तोंड उघडा. गोळी.

सासरे : सिस्टर, सूनबाईने संत्रं सोललंय. ते खातो, मग—

सिस्टर : आधी गोळी, मग संत्रं. ताई, पाणी द्या त्यांना. अहो, सांडतंय! राहू दे, मी देते.

सून : नका देऊ.

सिस्टर : पाणी?

सून : गोळी. ती त्यांची नाही.

सिस्टर : त्यांचीच आहे. हे बघा नाव.

सून : नाव त्यांचं. घेत मी होते.

सासरे : सिस्टर, ही दमलीय, काहीही बोलतेय. पेशंट मी आहे ना? मला विचारा.

सून : बाबा, तुम्ही गप्प बसा. माझ्या वतीने एकदा बोललात, पुरे झालं. सिस्टर, त्यांनी दोनच घेतल्या होत्या कधीकाळी. बाकी सगळ्या मी. इथे येईपर्यंत त्यांचं डोकं लख्ख होतं. घरी विसरतात असं मी सांगितलं, ते खोटं होतं.

सिस्टर : तुम्ही शेवटची कधी घेतलीत?

सून : आधी मला ओरडा तरी.

सिस्टर : ओरडायला डॉक्टर आहेत. शेवटची कधी?

सून : परवा सकाळी.

सिस्टर : खुर्चीत बसा. स्टुलावर नको, पडाल. झटका आला होता? शुद्ध हरपली? हात पुढे करा. हं. अशी एकदम तोडायची नसते ही. तुम्हाला कोणी सांगितलं नाही?

सून : सांगितलं होतं. ह्यांना. माझ्यासमोर.

सिस्टर : हलू नका इथून. डॉक्टरांना बोलावते. आता तुमच्या स्वतःच्या नावाने केसपेपर निघेल. किती द्यायची, कशी उतरवायची, ते ठरवतील. महिने लागतात, आणि मध्येच वाटेल की नको हे. तेव्हा इथे यायचं, कोणाच्या खणात हात घालायचा नाही. आजोबांच्या गोळीचंही डॉक्टरच सांगतील.

सासरे : सिस्टर, माझं डोकं येईल परत?

सिस्टर : यायला हवं. ह्या वयात वेळ लागतो. होतं तस्संच येईल, असं मी लिहून देणार नाही. आलेच.

सासरे : स्पष्ट बोलते. दुकानात असती तर एक गिऱ्हाईक टिकलं नसतं.

सून : तुमचं फार नुकसान केलं मी, बाबा.

सासरे : माझं? मी तर झोपून होतो. काल तो इथे बसला होता, तुझा नवरा. माझं बोट धरून म्हणत होता, ‘बाबा, मला माफ करा, तिच्यावर अजून किती ओझं टाकू?’ रडत होता गं. एवढा टक्कल पडलेला माणूस. डोळे उघडून एक वाक्य बोललो असतो, तर उठून गेला असता घरी. मी झोपेचं सोंग घेतलं.

सून : माझ्यासाठी?

सासरे : तसं म्हणायला बरं वाटेल. नाही. वर्षानुवर्षं माहीत होतं, हे त्याला कुठल्या तोंडाने सांगू?

सून : मी सांगते. माझं मी, तुमचं तुम्ही.

(पडदा सरकवून मुलगा आत येतो.)

मुलगा : जागे आहात, बाबा? बरं झालं. खोली मिळाली. खिडकीजवळची शिल्लक नव्हती, मग त्या मॅनेजरच्या अक्षरशः हातापाया पडलो. तेव्हा कुठे हो म्हणाला. अगं, तू का थरथरतेयस? तू नको काळजी करू, मी बघतो सगळं.

सून : अहो, बसा जरा. मला बोलायचंय.

सासरे : बस रे. झोप हिने घेतली, शांतता मी घेतली. हातापाया पडून आलास तू.