सहा पायऱ्या आणि एक मासा

(तळ्याच्या पायऱ्यांवर नकाशा पसरलेला, उडू नये म्हणून कडेला धुण्याची बादली ठेवलेली.)

आजी : शपथेवर सांगते! छातीवर हात ठेवून सांगते! यातलं एक अक्षर जरी खोटं असलं ना, तर ही जीभ आत्ता इथं गळून पडो!

सून : आई, हळू. पलीकडच्या काठावरचे लोक बघायला लागलेत.

आजी : बघू देत. खरं बोलणाऱ्याला कसली आलीय चोरी? तर आर्किटेक्टसाहेब, गेल्या महिन्यात सांगितला तो मासा. शब्द न् शब्द खरा.

आर्किटेक्ट : माझा विश्वास आहे, आजी. म्हणून तर अख्खं समाजकेंद्र त्याच्यावर बेतलंय. फायनल करण्याआधी फक्त एकदा पडताळून घेतो. नऊ बायका माशाच्या पाठीवर बसल्या...

आजी : नुसत्या बसल्या होय? कपडे आपटत होत्या! पायऱ्या सहा. त्या दिवशी सातवी दिसली, काळीशार, गुळगुळीत. बायांना वाटलं, पाणी ओसरलं, बरं झालं. बसल्या ओळीनं. पहिलं धोपाटणं पडलं, तसा मासा जो सुटला, तो थेट तळ्याच्या मध्यावर!

आर्किटेक्ट : आणि त्या घाबरल्या.

आजी : घाबरायला वेळ कुणाला होता? धुणं उरकायचं होतं! तिथंच विसळलं, तिथंच पिळलं. साबण गेला माशाच्या नाकात. अशी शिंक आली त्याला, की नऊच्या नऊ जणी बादल्यांसकट काठावर. चादरी तर थेट दोरीवर जाऊन पडल्या.

सून : मागच्या वेळी सात जणी होत्या.

आजी : दोघी उशिरा आल्या.

आर्किटेक्ट : छान, नऊच धरतो. आता हे बघा. समाजकेंद्र आणि उद्यान. हा मासा, एकोणसाठ फुटी. तोंडातून आत शिरलं की स्वागतकक्ष. पोटात बहुउद्देशीय सभागृह.

सून : आणि शेपटीत?

आर्किटेक्ट : स्वच्छतागृह.

आजी : हे मात्र जिथल्या तिथं ठेवलंत हो.

आर्किटेक्ट : मंजुरी देणारी समिती तर एकदम खूश! अध्यक्षांनी स्वतः शेरा मारलाय, 'मातीशी घट्ट नातं'.

आजी : माशाचं? मातीशी?

सून : पण साहेब, हा बसवणार कुठं?

आर्किटेक्ट : इथंच. मूळ जागी. समितीचा आग्रहच आहे.

सून : इथं म्हणजे पायऱ्यांवर?

आर्किटेक्ट : पायऱ्यांना धक्का लागणार नाही. त्या आत राहतील, काँक्रीटच्या खाली. अगदी सुरक्षित.

सून : घ्या, आई. तुमच्या माशानं तुमच्याच पायऱ्या गिळल्या.

आजी : थांब गं. साहेब, मग धुणं कुठं धुवायचं?

आर्किटेक्ट : तोही विचार केलाय! हे पाच पुतळे बघा. धुणं धुणाऱ्या स्त्रिया. हिनं धोपाटणं उचललंय, ही पिळतेय, आणि ही हसतेय.

आजी : कशाला हसतेय? हिचं झालं वाटतं धुवून?

आर्किटेक्ट : लोकजीवनाचा आनंद दाखवायचाय.

आजी : बरं. आणि मी कुठं आहे यात?

आर्किटेक्ट : तुम्ही कठड्याच्या अलीकडे. तिथून छान दिसेल. पाण्यात उतरायला मात्र मनाई असेल.

आजी : म्हणजे दगडाच्या बाईनं धुवायचं आणि जिवंत बाईनं बघायचं. वा रे तुमचं लोकजीवन!

आर्किटेक्ट : आजी, घरी मशिन आहे की तुमच्या. मग इथं कशाला...

सून : मी सांगते साहेब. माझं पहिलं बाळ गेलं, तेव्हा घरात सगळे म्हणत होते, रडू नको, आवर स्वतःला. आईंनी मला इथं आणलं. हातात ओली चादर दिली आणि म्हणाल्या, आपट. तास दोन तास आपटत होते मी. फाटली ती चादर. आजूबाजूच्या बायकांनी एक प्रश्न विचारला नाही, नुसता साबण सरकवत राहिल्या.

आजी : लिहा की हे.

आर्किटेक्ट : लिहिलं असतं. पण रकाना नाहीये.

आजी : रकाना नाही म्हणजे?

आर्किटेक्ट : फॉर्मवर दोनच आहेत. 'लुप्त झालेल्या प्रथा' आणि 'दंतकथा'. चालू असलेल्या गोष्टीला समिती संस्कृती धरत नाही.

सून : म्हणजे आधी बंद पडायचं, मग पुतळा.

आर्किटेक्ट : नियम मी केले नाहीत हो, ताई. आणि खरं सांगू? मी दोनदा पाहणीला आलो, इथं चिटपाखरू नव्हतं.

आजी : किती वाजता आलात?

आर्किटेक्ट : अकरा.

आजी : अकराला आमचं धुणं वाळून घड्या झालेल्या असतात! सकाळी सहाला या. बारा जणी असतात बारा, पाय ठेवायला जागा नसते.

सून : आई...

आजी : तू चादर झटक. साहेब, त्या दंतकथेच्या रकान्यात जागा शिल्लक आहे का?

आर्किटेक्ट : आहे. दोन ओळी.

आजी : मग ऐका. तो मासा मासा नव्हता, मासोळीबाई होती. दर वर्षी पिल्लांना घेऊन येते, या पायऱ्यांना अंग घासायला. मागं एकानं इथं कुंपणाचा खांब रोवला. सकाळी बघतो तर काय, खांब त्याच्याच घरात, छपरातून उभा!

आर्किटेक्ट : याला काही पुरावा?

आजी : त्याचं छप्पर अजून गळतं. जाऊन बघा.

आर्किटेक्ट : आजी, हे तुम्ही आत्ता, माझ्यासमोर रचताय.

आजी : रकान्यात बसतंय की नाही, तेवढं बोला.

आर्किटेक्ट : ...बसतंय. फार छान बसतंय. 'मत्स्यमार्ग. पायऱ्या उघड्या ठेवाव्यात. कठडा घालू नये.' अध्यक्ष उड्या मारतील. मासा मग चाळीस पावलं डावीकडे घेतो.

सून : आणि त्या पाच बाया?

आर्किटेक्ट : त्याही तिकडंच.

आजी : त्या हसरीला जरा गंभीर करा. शाईनं लिहिलंत ना?

आर्किटेक्ट : शाईनं. खाली सहीसुद्धा केली.

आजी : मग आता सांगायला हरकत नाही. मासोळी खरी, शिंक खरी, खांबही खरा. एवढंच एक मनाचं घातलं होतं, त्या बारा जणी.

सून : राहू द्या ना, आई.

आजी : घरोघरी मशिनं आली हो. दोन वर्षं झाली, मी एकटीच येते. ही येते सुट्टीच्या दिवशी, बादली उचलायला.

आर्किटेक्ट : एकट्या माणसासाठी सहा पायऱ्या, आजी?

आजी : तुम्ही बाग करताय ना? फिरायला म्हणून का होईना, त्या सगळ्या जणी आल्या परत, तर बसतील कुठं?