बिनआवाजाचं इंग्लिश

— नाही, नाही, बसा हो साहेब, हेडमास्तर शिक्का शोधून आणेपर्यंत सरबत संपतं. आणि जरा मोठ्यानं बोला — नाहीतर बोलूच नका, तेच बरं. इथल्या उधन्याच्या लूमखात्यात, मागांच्या खडखडाटात एकतीस वर्षं काढली, कान तिथंच ठेवून आलो. तर उज्ज्वलाबाईंचा इंग्लिशचा तास पाहिलात. शेरा चांगला लिहिलात ना? मान हलली, म्हणजे लिहिलाच. सुटली पोरगी, आता कायम होईल. सुरतेत प्लेग आला त्याच्या पुढल्या साली लागली तेव्हापासून टेंपरवारी — शेरा बिघडला की पुन्हा घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायच्या. तिची आई धुरपदाबाई अजून चिकटवते, डोळे गेले तरी.

आता लिहूनच झालंय तर सांगायला काय हरकत आहे? काही नाही. बाई ट्रेनिंगहून वही भरून घेऊन आल्या. काय तर म्हणे पोरांनी जोडीजोडीनं बोलायचं, दुकान-दुकान खेळायचं, बाईंनी मराठीत काही सांगायचंच नाही. जोड्या लावणार कुठं? एका बाकावर पाच, पाचांत एक पुस्तक. घरी अहिराणी, गल्लीत गुजराती, टीव्हीपुढं हिंदी, शाळेत मराठी — इंग्लिश बसवायचं कुठं, माळ्यावर? पहिल्या दिवशी बाईंनी कागदाची केळी मांडली, आणि गिऱ्हाईक म्हणून जी पोरं उभी राहिली ती घंटा होईपर्यंत उभीच. मधल्या सुट्टीत बाई इथं, ह्याच बाकड्यावर बसून रडल्या. मी हसलो. मला सगळ्याचंच हसू येतं, बायको गेली तेव्हासुद्धा — ते जाऊ द्या.

म्हटलं, बाई, आमच्या खात्यात दोनशे लूम एकदम खडखडायचे, कोण कुणाचं ऐकणार? सगळं हातानं. मूठ पिळली — धागा तुटला. दोन बोटं खांद्यावर — सुताची कांडी संपली. पोट गोल दाखवलं — शेट. तुमच्या पोरांचे बाप दिवसभर असेच बोलतात, पोरांना सगळं येतं. तुम्ही हात करा, तोंड त्यांना करू द्या. बाईंनी वहीत लिहून घेतलं, वर नंबर घातला, मोठं नाव दिलं. आणि महिन्याभरात पोरं बोलायला लागली, साहेब — हे खरं आहे.

खोटं ते आजचं. तुमचं तोंड पोरांकडं, पाठ माझ्या बाकड्यावरच्या ह्या खिडकीकडं. तुमचे प्रश्न बाईंच्या वहीतले नव्हतेच, पोरं गपगार. मला राहवेना. तुमचा आवाज लूमच्या वरताण, मलाही ऐकू आला, आणि व्हॉट-बीट, व्हेअर-बिअर मला रोज खिडकीतून फळा बघून पाठच झालंय. तुम्ही विचारलं, पाऊस आला तर काय करता — मी छत्री उघडून दाखवली. तुम्ही विचारलं, मी कोण — मी पोट दाखवलं. दोन वेण्यांची राखी उठून म्हणाली, यू आर बॉस, सर. तुम्ही हसलात, आणि पोट आत ओढून घेतलंत, मला पाठीमागूनही कळलं. बाईंनी मला पाहिलं आणि पांढऱ्या पडल्या.

हे काय, पेनचं टोपण कशाला काढलं? कागद कोराच आहे? अहो, मग मघाशी मान कशाला हलवली — सरबत आंबट लागलं म्हणून?

तर मग ऐका. सांगितल्या त्या सगळ्या थापा. आमच्या नवागामात कुणालाही विचारा, शेजारचा भटू जिवंत असताना त्याच्या तेराव्याचं जेवण गल्लीभर सांगून आलो होतो मी. खिडकीत मी नव्हतो. खिडकी उघडतच नाही — म्हणजे आत्ता उघडी दिसते, ती वाऱ्यानं. साहेब, लिहायचंच तर माझं लिहा. म्हातारा त्रास देतो लिहा, हे बाकडं उचलून न्या. तिचं नका लिहू. तिनं शिकवलंय हो.

कानाची पाळी का धरता? मोठ्यानं बोलू? पुन्हा तेच. आणि अंगठा मागं — थांबा. ही खूण खात्यातली आहे. मागून कुणी येतंय, हात चालू, तोंड बंद. ही मी बाईंना शिकवलेली नाही. पोरांनाही नाही. म्हणजे खुणा तुम्हाला कळतात, आणि वर्गातल्या कपाटाच्या काचेत तुम्हाला माझं सगळं —

वडील कुठल्या खात्यात होते, साहेब?

— या, हेडमास्तर, या. सापडला शिक्का? छे हो, कसलं काय. साहेब उन्हाचं सांगत होते, मी आपला गुपचूप ऐकत होतो.