पंगत थांबेल

नागपूरच्या स्टँडवर नरखेडच्या गाडीची वाट पाहत होतो. शेजारी दवाखान्यातून आलेलं म्हातारं जोडपं बसलं होतं. कंपवातानं नवऱ्याचा हात थरथरत होता.

"डॉक्टरनं सांगतलं नं? लहान घास घ्या, हळूहळू चावा. घाई केली तं घास नरड्यात अडकते."

"हो. आपल्या नातीच्या, यमुनेच्या लग्नात पंगतीत बसून हळूहळूच जेवीन."

"पंगतीत नोका बसू. आतल्या खोलीत ताट वाढून देईन."

"काहून वं? चोरी केली का म्या?"

"वरण धोतरावर सांडते. व्याही पाहतीन."

"पाहू दे. धोतर माहं हाय."

"अन् पोट? चार रोज झाले, साफ नाही."

"त्याच्यासाठी पाणी अन् भाजी सांगतली. पंगतीत काय दगड वाढतेत?"

"अवो, तुम्ही घरचे मोठे. तुमच्याआधी कोणी पानावरून उठत नाही. सारे अडकून बसतीन!"

"बसू दे! जिनगीभर लोकांच्या पंगती वाढल्या म्या. एक दिवस माह्यासाठी थांबतीन."

बाई पदर खोचून उठली.

"मंग भाताचं भगोनं मीच धरीन. तुमचं व्हायच्या आधी जो उठाले पाहीन, त्याच्या पानावर आणखी भात टाकीन."